हे भोक कुणाचं?

इमारतीचं त्रिमितीय मॉडेल उघडलं की भिंती, खांब, तुळया, पाइप, केबल ट्रे असं सगळं रंगांत दिसतं. वजा केलेलं तेवढं दिसत नाही. स्लॅबमधलं भोक म्हणून डोळ्यांना जे जाणवतं ती स्लॅबची उरलेली कड असते. ज्या आकारानं ती कड पाडली, तो आकार पडद्यावर नसतोच. रेव्हिट या इमारतींची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला व्हॉइड म्हणतात. फॅमिली, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार घटक, जिथे बनवतात त्या फॅमिली एडिटरमध्ये रचताना तो पिवळसर-नारिंगी, आरपार दिसणाऱ्या ठोकळ्यासारखा असतो. कापायचं ते कापून झालं की नजरेआड होतो. माउस नेमक्या जागी नेला तर त्याच्या कडा क्षणभर उजळतात, एवढाच त्याचा पत्ता. माझं ठाम मत आहे की अख्ख्या मॉडेलात सर्वांत जास्त शिस्त या न दिसणाऱ्या ठोकळ्याला लागते, आणि आम्ही मंडळी सर्वांत कमी वेळ त्यालाच देतो.

मी राहते साखळीला आणि काम करते पणजीत, एका लहान सल्लागार कार्यालयात. इमारतीत पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठून जाईल, वातानुकूलनाचे डक्ट कसे फिरतील, आग विझवायची पाइपलाइन कुठे चढेल हे आखणं आमच्याकडे असतं. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण लिहायला बसलं की आजोबांपासून मराठीच, म्हणून हेही मराठीत लिहिते आहे. आमची कामं पेडण्यातली हॉटेलं, वेर्ण्याचे औषध कारखाने, फोंड्याकडची मंगल कार्यालयं अशी पसरलेली. सगळीकडे मूळ अडचण तीच असते: पाइपला पलीकडे जायचं असतं आणि मध्ये काँक्रीट असतं.

गोव्यात या भोकांकडे दुर्लक्ष परवडत नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गच्चीच्या स्लॅबमधून पाइप जिथे खाली उतरतो, ती जागा पहिल्या जोरदार सरीतच आपली लायकी दाखवते. काँक्रीट ओतण्याआधी शटरिंगवर स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी जागा राखणारी नळी, बसवलेली असेल, तर सळ्या तिच्या दोन्ही बाजूंनी वळवून घेतलेल्या असतात, भोवतीचं काँक्रीट घट्ट बसलेलं असतं, आणि जलरोधक थर स्लीव्हच्या गळ्यापर्यंत नीट चढवता येतो. तीच जागा ड्रॉइंगमध्ये राहून गेली, तर नंतर कोअर कटिंगचं मशीन आणावं लागतं. हिऱ्याचा बिट काँक्रीट आणि सळई यांत भेद करत नाही. कापलेल्या सळईचं टोक त्या भोकाच्या भिंतीत उघडं राहतं, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजाला तेवढं निमंत्रण पुरतं. म्हणून मॉडेलमधल्या भोकाबद्दल मी इतकी हट्टी आहे. ते पडद्यावर बरोबर असेल तरच शटरिंगवर बरोबर उतरतं.

आता व्हॉइडवर ताबा ठेवायचा कसा? नवशिक्याला सुचणारा, आणि वरवर अगदी रास्त वाटणारा मार्ग म्हणजे मापाने ताबा ठेवणं. स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे ना, मग व्हॉइड बरोबर १५० मिलिमीटर खोल काढायचा. वर नाही, खाली नाही. खालच्या तुळईला धक्का लागायला नको म्हणून नेमका तुळईच्या माथ्याशी थांबवायचा. काटेकोरपणा म्हणजे हाच, असं वाटतं. माझा अनुभव याच्या उलट आहे. मापाने घातलेला लगाम सर्वांत आधी तुटतो.

कारण साधं आहे. जाडी बदलते. स्ट्रक्चरल अभियंत्याचा हिशेब पुढे सरकतो, कुठेतरी भार वाढतो, आणि स्लॅब १५० वरून १७५ होतो. व्हॉइड तिथेच १५० वर थांबलेला. वरून पाहिलं तर भोक जसंच्या तसं दिसतं. खालच्या मजल्यावरून वर बघितलं तर छत अखंड, कारण तळाला २५ मिलिमीटरचा थर कापलाच गेलेला नाही. प्लॅन वरून कापलेला असल्यामुळे ड्रॉइंगवर भोक छापलं जातं आणि कुणालाही शंका येत नाही. यांत्रिक डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये याच खोलीला वेगवेगळी नावं आहेत. सॉलिडवर्क्समध्ये कट काढताना 'ब्लाइंड' निवडलं तर दिलेल्या आकड्यापर्यंत कापलं जातं, 'थ्रू ऑल' म्हटलं तर वाटेत येईल ते सगळं आरपार, 'अप टू नेक्स्ट' म्हटलं तर पुढच्या पृष्ठभागापर्यंत, 'अप टू सरफेस' म्हटलं तर आपण बोट ठेवू त्या पृष्ठभागापर्यंत. हे चार पर्याय वरवर पाहता खोलीचे, पण त्यांत खरा फरक आहे तो पुढे बदल झाला तर कोण कुणाच्या मागे जाणार याचा. ब्लाइंड आकड्याच्या मागे जातो, आणि आकड्याला स्लॅबची जाडी बदलल्याचं कळत नाही. अप टू सरफेस त्या पृष्ठभागाच्या मागे जातो, म्हणून पृष्ठभाग सरकला की कटही सरकतो. कट काढताना हा निर्णय आपण घेत असतो, मग तो जाणून घेतलेला असो वा नसो.

मापाचा दुसरा घोळ जास्त खोलवरचा आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण तिथे गणित आणि शटरिंग एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. व्हॉइडचा तळ आणि स्लॅबचा तळ तंतोतंत एकाच पातळीवर आला, तर त्या पातळीवरचे बिंदू कुणाचे? स्लॅबचे की पोकळीचे? कागदावरच्या संचांच्या वजाबाकीत हा प्रश्न नीट सोडवला नाही, तर उत्तरात शून्य जाडीचा पापुद्रा उरू शकतो, जो जगात कुठेच अस्तित्वात असू शकत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अ‍ॅरिस्टिडीस रेक्विचा यांनी घन आकारांच्या बेरीज-वजाबाकीवर काम केलं, तेव्हा त्यांनी यासाठी एक शिस्त घातली. उत्तराचा फक्त आतला भाग घ्यायचा आणि मग त्याला नव्याने कातडी चढवायची. लोंबकळणारे पापुद्रे, सुटे पडलेले पृष्ठभाग आपोआप गळून पडतात. या क्रियांना 'रेग्युलराइज्ड' म्हणतात, आणि आजच्या घन मॉडेलिंगच्या पायात हाच विचार आहे.

पण संगणक आकडे मर्यादित अंकांतच साठवतो. इमारत नकाशावर तिरपी बसवली, मॉडेल काही अंशांनी फिरवलं, की ज्या दोन पातळ्या आपल्या लेखी एकच, त्या संगणकाच्या लेखी केसाच्याही अंशाने वेगळ्या निघू शकतात. म्हणून ओपनएससीएडी, म्हणजे आज्ञा लिहून आकार घडवायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच एक सवय लागते. त्यात 'डिफरन्स' या आज्ञेखाली पहिला आकार राहतो आणि पुढचे सगळे त्यातून वजा होतात. वजा करायचा आकार नेमका पृष्ठभागापाशी थांबवला तर पूर्वदृश्यात तो पृष्ठभाग लुकलुकतो, आहे की नाही ते कळत नाही. उपाय म्हणजे कापणारा आकार दोन्ही बाजूंना थोडा जास्त काढायचा, अगदी ०.०१ मिलिमीटर का होईना. कापणारी वस्तू कापल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाहेर आलेलीच हवी. मॉडेलमध्येही मी हेच करते, फक्त मोकळ्या हाताने. स्लॅबसाठीचा व्हॉइड वर-खाली भरपूर लांब ठेवते, इतका की जाडी बदलली तरी तो आरपारच जाईल.

इतका लांब ठोकळा मोकाट सोडला तर तो तुळईत घुसेल, खालच्या भिंतीचा माथा खाईल. म्हणून मापात उदार राहायचं आणि यादीत कडक. व्हॉइडनं काय कापायचं हे त्याच्या लांबी-रुंदीवर सोपवायचं नाही. त्याला नावानिशी सांगायचं की हा स्लॅब तुझा, ती तुळई तुझी नाही, तू तिच्यातून गेलास तरी तिला हात लावायचा नाहीस.

रेव्हिटमध्ये यासाठीची सोय नव्या मुलांना कटकट वाटते. फॅमिलीत व्हॉइड पूर्ण केला की त्या क्षणी त्याच्या वाटेत असलेले घन आकार तो कापतो. नंतर त्याच जागी नवा घन आकार आणला तर तो अखंड राहतो. मग 'कट जॉमेट्री' घेऊन हा कापायचा आणि याने कापायचा, असं दोघांवर बोट ठेवून दाखवावं लागतं. नको असलेला कट 'अनकट' करून सोडवता येतो. ती फॅमिली प्रकल्पात आणायची तर 'कट विथ व्हॉइड्स व्हेन लोडेड' या चौकटीत खूण हवी. खूण केली तरी लगेच काही कापलं जात नाही. प्रकल्पात पुन्हा कट साधन घेऊन आधी स्लॅब, मग फॅमिली, अशी जोडी लावून द्यावी लागते. आणि सगळ्याच गोष्टी कापूनही घेत नाहीत. भिंती, स्लॅब, छप्पर, सीलिंग, स्ट्रक्चरल खांब-तुळया, पाया, जनरिक मॉडेल हे कापले जातात, पाइप आणि डक्ट नाहीत. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, त्याला कळत कसं नाही की दोघं एकमेकांतून जातात?" मी म्हटलं, कळतं, पण विचारल्याशिवाय कापत नाही. तिला ते पटायला वेळ लागला. मला मात्र सॉफ्टवेअरचा हा संकोच फार योग्य वाटतो. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीतून जाते, एवढ्यावरून तिला कापायचा हक्क मिळत नाही.

भिंतीत किंवा पृष्ठभागावर बसणाऱ्या फॅमिलीचा स्वभाव वेगळा. तिच्यातला व्हॉइड ज्या भिंतीवर ती बसली, त्या यजमान भिंतीलाच कापतो. जुन्या गोवेकर घरांच्या दुरुस्तीत हे फार जाणवतं. बाहेर चिऱ्याची जाड भिंत, आत नवं अस्तर, आणि मॉडेलमध्ये दोन्ही स्वतंत्र भिंती म्हणून काढलेल्या. खिडकी एका भिंतीत बसते, भोक तिथेच पडतं, आणि दुसरी भिंत खिडकीच्या तोंडावर पडदा ओढल्यासारखी उभी. दोन्ही भिंती 'जॉइन' केल्या की भोक दोघींतून जातं. म्हणजे इथेही मार्ग मापाचा नाहीच. भिंतींमध्ये नातं जोडल्यावर भोक पुढे सरकतं.

प्रत्येक सॉफ्टवेअरनं या प्रश्नाला आपापलं उत्तर शोधलेलं दिसतं. सॉलिडवर्क्समध्ये एका पार्टमध्ये अनेक सुटे घन असले, तर कट काढताना 'फीचर स्कोप' विचारला जातो: सगळ्या घनांना कापू, की निवडलेल्यांनाच? फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमध्ये 'पॉकेट', म्हणजे तिथला कट, फक्त त्याच 'बॉडी'त, म्हणजे त्याच घनात, आणि तिथेही कामांच्या क्रमवार यादीत आपल्या आधी आलेल्या गोष्टींतूनच कापतो. शेजारची बॉडी त्याच्या वाटेत आली तरी सुरक्षित. कारखान्यांच्या पाइपिंगसाठी वापरलं जाणारं पीडीएमएस, ज्याचं काम इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या कॅडसेंटरमध्ये १९७०च्या दशकात सुरू झालं, त्यात ऋण आकार हा धन आकाराच्या पोटाखाली नोंदवला जातो. ऋण पेटीला धनी असतो, आणि ती आपल्या धन्यालाच कापते. मला स्वतःला हे उत्तर सर्वांत स्वच्छ वाटतं. भोक कुणाचं, हे तिथे कुणाला आठवून सांगावं लागत नाही, ते नोंदीतच लिहिलेलं असतं.

फ्रीकॅडबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण ते फुकट असल्यामुळे लहान वर्कशॉपमधली मुलं त्यावर काम करतात. तिथे पॉकेटचं रेखाटन एखाद्या घनाच्या पृष्ठभागावर बसवलं, आणि नंतर मागे जाऊन त्या घनात बदल केला, तर पृष्ठभागांचे क्रमांक बदलायचे आणि पॉकेट भलत्याच बाजूला जाऊन बसायचं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत यावर मोठी सुधारणा झाली आहे. तरीही मी त्यांना सांगते की रेखाटन पृष्ठभागावर टेकवू नका, संदर्भ प्रतलावर टेकवा. भोकाचा पत्ता अशा गोष्टीवर लिहावा, जी स्वतः सहसा हलत नाही.

काय कापायचं याइतकाच केव्हा कापायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि तो मला ऑफिसपेक्षा कुंडईच्या शेडमध्ये जास्त समजला. पंपांसाठी लोखंडी चौकट बनत होती. फिटर काकांनी ड्रॉइंगचे दोन कागद शेजारी ठेवले आणि मला हाक मारली.

"बाय, हे भोक वेल्डिंगच्या आधी मारायचं की मागाहून?"

"मागाहून, काका. जोडणीनंतर."

"मग सुट्या प्लेटीच्या कागदावर ते कशाला दाखवलंय? पोरगा कागद बघणार आणि आधीच मारून ठेवणार. वेल्डिंगनं चौकट ओढली की बोल्ट बसणार नाय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वेल्डिंगनं तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, चौकट थोडी फिरते. सुट्या प्लेटांत आधी पाडलेली भोकं मग एकमेकांसमोर येत नाहीत. जोडणीनंतर एकदाच पाडलेली भोकं मात्र सरळ रेषेत राहतात. सॉलिडवर्क्समध्ये हा फरक दाखवायची सोय आहे. असेंब्लीत काढलेला कट त्या असेंब्लीपुरताच असतो. प्लेटची स्वतःची फाइल अखंड राहते, तिच्या ड्रॉइंगवर भोक येत नाही. 'प्रोपगेट फीचर टू पार्ट्स' ही खूण केली तरच कट खाली सुट्या भागांपर्यंत उतरतो. त्या एका खुणेवर शेडमधल्या दोन दिवसांचा क्रम ठरतो. पडद्यावर पूर्ण झालेली चौकट दोन्ही वेळा सारखीच दिसते, पण एकीत भोक प्लेटचं असतं आणि दुसरीत चौकटीचं. त्यानंतर प्रत्येक कट मी कामाच्या क्रमाने वाचते: हा कुठल्या टप्प्यावर, कुणाच्या हातून पडणार आहे?

साखळीहून जवळच हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. लहानपणापासून बघते, पण या धंद्यात आल्यावर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. कोरीव गुंफेतला खांब कुणी उभा केलेला नसतो. तो मागे ठेवलेला दगड असतो. पहिला घाव घालतानाच त्या माणसाला माहीत असावं लागतं की इथे छिन्नी चालवायची नाही. त्याला अनकट नाही. काय कापायचं नाही याची यादी त्याच्या डोक्यात कामाच्या आधीपासून तयार असणार, आणि ती मुकादमापासून शेवटच्या पाथरवटापर्यंत पोचलेली असणार, नाहीतर एका उत्साही हातानं खांब गेला असता. आपल्याला मागे जायची सोय आहे म्हणून आपण ती यादी करत नाही. ती केली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. शेवटी आपलंही मॉडेल काँक्रीटमध्ये ओतलं जातं, आणि तिथून मागे जायची सोय आपल्यालाही नसते.

मोठ्या प्रकल्पात पाइपचं मॉडेल आमचं, काँक्रीटचं मॉडेल स्ट्रक्चरल कार्यालयाचं. मग भोक कुणाच्या फाइलमध्ये असावं? आम्हीच त्यांच्या स्लॅबमध्ये कापून मोकळं व्हावं, असा आग्रह मी बैठकांत ऐकलेला आहे. वेळ वाचतो म्हणतात. मी याला नेहमी विरोध करते. काँक्रीट वजा करणारा व्हॉइड सळ्या आपोआप वळवत नाही आणि भाराचा हिशेबही करत नाही. आयएस ४५६:२००० हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक घ्या. तुळया नसलेल्या सपाट स्लॅबमध्ये वेगळं विश्लेषण न करता भोक ठेवायचं, तर ते कुठे पडतं यावर मर्यादा बदलते. गाळ्याच्या, म्हणजे खांबांमधल्या स्लॅबच्या, मधल्या अर्ध्या भागात मोठं भोकही चालतं, मात्र गाळ्याला लागणारं एकूण लोखंड कमी होता कामा नये. जिथे खांबांच्या ओळींवरच्या स्लॅबच्या दोन पट्ट्या (कॉलम पट्ट्या) एकमेकींवरून जातात, म्हणजे खांबाच्या आसपास, तिथे कुठल्याही दिशेला पट्टीच्या रुंदीच्या एक अष्टमांशाहून जास्त भाग तुटलेला चालत नाही. आमचे सांडपाण्याचे पाइप तर नेमके खांबाला चिकटूनच उतरायला बघतात, कारण तिथे ते खोलीत दिसत नाहीत. व्हॉइडला या दोन जागांतला फरक माहीत नसतो. तो ज्याला माहीत असतो त्याच्या संमतीशिवाय स्लॅब कापला जाऊ नये.

आयएफसी या खुल्या फाइल-रचनेत, जी २०१३पासून आयएसओ १६७३९ या नावानं आंतरराष्ट्रीय मानक आहे, या गोष्टीचा फार विचारपूर्वक बंदोबस्त केलेला आहे. त्यात भोक ही स्वतंत्र वस्तू आहे, तिला स्वतःची ओळख आहे. एक भोक एकाच घटकाला पोकळ करतं. पाइप दोन भिंतींतून जात असेल तर भोकंही दोन. आणि त्या आधीची पायरीही आहे, 'प्रोव्हिजन फॉर व्हॉइड', म्हणजे भोकासाठीची मागणी. सेवांच्या मॉडेलमधून एक ठोकळा जातो: मला इथे, एवढ्या मापाचं, या पाइपसाठी हवं आहे. तो काहीही कापत नाही. स्ट्रक्चरल अभियंता तो बघतो, हो म्हणतो, सरकवायला सांगतो किंवा नाकारतो. होकारानंतरच त्यांच्या मॉडेलमध्ये खरं भोक पडतं, त्यांच्या हातानं, त्यांच्या स्लॅबचं म्हणून. मागणी पाइपची आणि कट स्लॅबचा. आमच्या ऑफिसात हा नियम आता भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि घाई झाली की तोच आधी मोडावासा वाटतो, म्हणून मी त्याच्या खालीच बसते.

आमच्या डिचोली-सत्तरीच्या, खाणींच्या बाजूचा माणूस वजाबाकीबद्दल जरा हळवा असतो, हेही इथे लिहून टाकते. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं, पुढे २०१८मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द ठरलं. खनिज कुणी नेलं याच्या नोंदी होत्या. पाण्यानं भरलेले खोल खड्डे कुणाचे, यावर मात्र गावागावांत वाद चालत राहिले. काढून घेण्याची नोंद ठेवायची आणि उरलेल्या पोकळीची नाही, ही सवय मला फाइलमध्येसुद्धा सहन होत नाही.

कारण पोकळ्या पोरक्या होतात. पाइप पुसला तर त्याच्यासोबत स्लॅबमधलं भोक पुसलं जाईलच असं नाही. पेडण्यातल्या एका हॉटेलच्या कामात मालकांनी धुलाईघर तळघरातून मागच्या वेगळ्या शेडमध्ये हलवलं. आमचे पाइप एका दुपारी नव्या मार्गावर गेले. स्लॅबमधली भोकं जुन्या जागी तशीच उभी, त्यांतून जायला कुणी नाही. ती राहिली असती तर शटरिंगवर स्लीव्ह बसल्या असत्या, सळ्या विनाकारण वळवल्या गेल्या असत्या, आणि पुढे कुणीतरी त्या वाळू-सिमेंटनं बुजवून टाकल्या असत्या, गच्चीखाली, पावसाच्या बरोबर तोंडावर. आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक भोकाच्या नोंदीत त्याच्या पाइपचा क्रमांक लिहिलेला असतो. नव्या मुलीनं भोकांचं शेड्यूल काढलं आणि ज्या ओळींतले पाइप मॉडेलमध्ये उरलेच नव्हते त्या ओळी लाल केल्या. तीच यादी तिनं स्ट्रक्चरल कार्यालयाला पाठवली, प्रत्येक भोकापुढे एकच वाक्य लिहून: आमची मागणी मागे घेत आहोत. त्यांनी आपल्या मॉडेलमधून ती भोकं काढली, सळ्यांचं ड्रॉइंग सरळ केलं आणि सुधारित आवृत्ती साइटवर गेली. सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, इथली भोकं गेली, ती चुकून तर नाही ना?" मी त्याला पाइपचे नवे क्रमांक वाचून दाखवले आणि शेडच्या स्लॅबवरची नवी भोकं कुठल्या पत्रकात आहेत ते सांगितलं. त्यानं दोन्ही पत्रकं शेजारी धरून ताडून बघितली, मग काँक्रीटची तारीख दिली.